तुमच्या वतीनं मान्य

तिचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सगळा बाजार तिला कात्रीबाई म्हणायचा. हातातली कात्री आणि तोंडातली जीभ, दोन्हींना सारखीच धार, आणि कोणती आधी चालेल याचा नेम नाही, असं तिचा नवराच म्हणायचा. तो बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. लग्न झालं तेव्हापासून बोलायचं खातं त्यानं बायकोकडे सोपवलं होतं आणि स्वतः पाने-पेचकसांत रमला होता.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीला लागून तिचं बायकांचं पार्लर. तीन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, त्याचा गरम पाण्याचा नळ उलटा फिरणारा. नवीन गिऱ्हाइकाच्या मानेवर पहिल्यांदा हमखास गार पाणी पडायचं आणि कात्रीबाई म्हणायची, "घ्या, झोप उडाली ना? त्याचे वेगळे पैसे नाहीत."

तिच्या दुकानाचा एकच कायदा होता. खुर्चीत बसलेल्या बाईनं जे सांगितलं ते दाराबाहेर जायचं नाही. डोक्यावर कोणाचा तरी हात फिरला की माणूस बोलायला लागतं, हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं. कोणाची सोयरीक मोडली, कोणाला दिवस गेलेत, कोण नोकरी सोडायच्या विचारात आहे, सगळं तिच्या कानावर यायचं आणि तिथेच विरायचं. एकदा एका बाईचा नवरा दुकानात शिरला आणि गोड आवाजात विचारू लागला, की आमची मंडळी इथे येतात तेव्हा कोणाबद्दल बोलतात हो? कात्रीबाईनं त्याच्याकडे वर-खाली पाहिलं. म्हणाली, "हे बायकांचं दुकान आहे. तरी केस कापायचेच असतील तर बसा, पण मग मान माझ्या हातात येईल." तो गृहस्थ पुन्हा त्या गल्लीतूनही गेला नाही.

अशा बाईच्या दुकानात तो आरसा आला, तो सुनेच्या हौसेनं.

सून तिच्याच हाताखाली शिकलेली, हाताची हलकी, डोक्यानं तल्लख. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराचसा काळ समुद्रात. त्यामुळे घर आणि दुकान या दोघीच ओढायच्या. समोरच्या रस्त्यावर नवीन, झगमगीत पार्लर उघडलं आणि तरुण मुली तिकडे वळू लागल्या, तेव्हा सून रोज गल्ला दोनदा मोजू लागली. नेमका त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस दारात उभा राहिला. तो इतकं गोड बोलायचा, की पहिल्याच भेटीत दुकानातल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं, मधाचं बोट.

मधाचं बोट म्हणाला, "आरसा फुकट, बसवणं फुकट. बाईनं समोर बसायचं, आरसा तिला दाखवणार, आखूड केस कसे दिसतील, लाल रंग कसा दिसेल. वेळ ठरवणं आमच्या ॲपवरून. आमच्या नकाशावर तुमचं दुकान सगळ्यांत वर."

"आणि तुम्हाला काय मिळतं?" कात्रीबाईनं विचारलं.

"आम्हाला तुमची प्रगती मिळते, मावशी."

"माझी प्रगती तुम्ही घेऊन जाणार, तर मला काय उरणार?"

सगळ्या हसल्या. पण सुनेचं तोंड पडलेलं तिनं पाहिलं. पोरगी दुकानासाठीच मरते आहे, नाही म्हणून तिचं मन कशाला मोडा, असा विचार करून कात्रीबाईनं होकार दिला. फुकट ते पौष्टिक, असं स्वतःशीच पुटपुटली, आणि मधल्या खुर्चीसमोर माणसाएवढा उंच आरसा उभा राहिला. त्याच्या वरच्या कडेला मसुराएवढा एक काळा ठिपका होता. तो त्याचा डोळा.

पहिले काही महिने मजेत गेले. बायका आरशासमोर बसून खिदळायच्या. एकीनं सोनेरी केस लावून पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, मी तर माझीच सवत दिसते!" गर्दी वाढली. नवीन मुली आल्या. आरसा बाईच्या चेहऱ्यावर रेषा काढून सांगायचा, कपाळ रुंद आहे, गाल भरलेले आहेत, आणि मग अमुक तेल, तमुक मलम घ्या म्हणून सुचवायचा. कात्रीबाईला ते आवडायचं नाही. "बाई दुकानात येते ती बरं वाटायला," ती म्हणायची, "ह्याला सारखी तिच्यात खोटच काढायची असते." पण गल्ला आणि सून, दोन्ही खूश होते, म्हणून ती गप्प राहिली.

गणिताच्या बाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. जवळच्या शाळेत वरच्या वर्गांना शिकवायच्या. कमरेपर्यंत केस, त्यांचा घट्ट अंबाडा, आणि शाळेत अशी जरब की त्यांची सावली दिसली तरी वर्ग पाढे म्हणायला लागायचा. दुकान बंद असण्याच्या दिवशी दुपारी त्यांनी घरी फोन केला. "आज उघडाल का? फक्त माझ्यासाठी?"

कात्रीबाईनं शटर अर्धं वर केलं. बाई वाकून आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि अंबाडा सोडला. "सगळे काढा," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात औषधं सुरू होणार. मग ते आपोआप गळतील. मला ते उशीवर सापडायला नको आहेत. जायचेच असतील तर माझ्या सांगण्यावरून जाऊ देत."

कात्रीबाईनं आरशाच्या बाजूचं बटण दाबून तो बंद केला. काच काळी झाली.

"बहिणीशिवाय कोणाला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "शाळेत मी सांगेन. माझ्या मुलांना मीच सांगेन, मला जमेल तेव्हा."

"इथून काही जाणार नाही," कात्रीबाई म्हणाली.

तिनं वेणी घातली, कापून हातात दिली आणि मग मशीन फिरवलं. एवढी जिभेची बाई, पण त्या दुपारी तिनं एकही वाक्य वाया घालवलं नाही. शेवटी टक्कल मऊ कपड्यानं पुसलं. बाईंनी काळ्या काचेत स्वतःला पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आयुष्यभर शून्य शिकवलं. आता डोक्यावरच घेऊन फिरणार." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडू आलं, रडता रडता पुन्हा हसू. कात्रीबाई मागे उभी, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. जाताना तिनं पैसे घेतले नाहीत आणि बाईंनीही आग्रह धरला नाही. दोघींनाही ते बरोबर वाटलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, भर गर्दीच्या वेळी, गणिताच्या बाई दारात उभ्या राहिल्या. डोक्याला रुमाल, चेहरा औषधांनी उतरलेला. आत आल्याच नाहीत. त्यांनी फोन पुढे धरला. "हे तुम्ही केलंत?"

पडद्यावर एक जाहिरात चालली होती. खोट्या केसांच्या टोपांची. सुरुवातीलाच एक टक्कल केलेली बाई डोक्यावरून हात फिरवते, हसते, रडते, पुन्हा हसते. तिच्या मागे दोन हात, त्यातल्या एका अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. मग त्याच बाईच्या डोक्यावर संगणकानं दाट केस चढवलेले. खाली अक्षरं: 'नवी सुरुवात, नवे केस.'

कात्रीबाईनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"शाळेतल्या पालकांच्या फोनवर फिरतंय," बाई म्हणाल्या. आवाज चढवायची त्यांना कधीच गरज पडली नव्हती, आत्ताही त्यांनी चढवला नाही. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. केसानं गळा कापलात, ताई."

आणि त्या निघून गेल्या. कात्रीबाई मधल्या खुर्चीपाशी गेली, अंगावर टाकायची मोठी चादर ओढली आणि आरशावर फेकली.

त्या दिवशी तिनं दुकान लवकर बंद केलं. सुनेला समोर बसवलं. "मी बटण बंद केलं होतं. मग हे आलं कुठून?"

सुनेनं ॲप उघडून पाहिलं, कुठलं कुठलं पान चाळलं आणि हळूच म्हणाली, "आई, बटणानं फक्त चित्र जातं. आरसा जागाच असतो."

"आणि बाईंना कोणी विचारलं? जाहिरातीत घालू का म्हणून?"

सून रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं. सुरुवातीला आरसा प्रत्येक बाईला विचारायचा, तुमचा चेहरा वापरू का, मान्य की अमान्य. वेळ जायचा. कोणी अमान्य केलं तर आरसा नुसती काच होऊन बसायचा आणि वेळ ठरवायचं कामही अडायचं. तेव्हा मधाच्या बोटानं तिला एक सोय दाखवली. म्हणाला, प्रत्येकीला कशाला त्रास देता ताई, दुकानाच्या वतीनं एकदाच मान्य करून टाका, पुन्हा विचारणार नाही. "मी दाबलं, आई. मला वाटलं, काय बिघडतंय. सगळेच दाबतात."

सुनेला वाटलं आता कात्री चालणार. पण सासू म्हणाली, "दाबलंस तू, पण दुकान माझं आहे. रडू नकोस. रडून बाईंचे केसही येणार नाहीत आणि तो व्हिडिओही जाणार नाही. फोन लाव कंपनीला."

फोनवर एक यंत्रातली बाई भेटली. ती म्हणाली, तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. मग गाणं वाजलं. मग पुन्हा तीच बाई, तेच मोल. "एवढं मोलाचं आहे तर ऐकून घे की मेले!" कात्रीबाई ओरडली. यंत्रानं तिला विचारलं, तुम्हाला बिलाबद्दल माहिती हवी आहे का?

दोन दिवस हेच चाललं. जाहिरातीखालचं 'तक्रार करा' हे बटण सुनेनं दाबून पाहिलं. उत्तर आलं, की जाहिरात आमच्या नियमांत बसते. शेवटी सुनेनं लिहून कळवलं, की आरसा आम्ही काढून टाकतोय. त्याबरोबर मधाचं बोट तासाभरात हजर. तक्रारीला कोणी दाद देत नव्हतं, पण आरसा निघतो म्हटल्यावर कंपनीला बरोबर ऐकू आलं.

तो खुर्चीत बसला. चादर घातलेल्या आरशाकडे त्यानं कौतुकानं पाहावं तसं पाहिलं. "मावशी, कायद्यानं आमचं काही चुकलेलं नाही. मान्य केलेलं आहे."

"कोणी?"

"दुकानानं."

"डोकं दुकानाचं होतं का?"

"तसं नाही, पण करारात..."

"माझ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर मी कात्री चालवते, तीही विचारून. किती कापू, इतके की इतके. दर वेळी विचारते. वीस वर्षं येणाऱ्या बाईलाही विचारते. तुम्ही कोण लागून गेलात?"

मधाच्या बोटानं घाम पुसला आणि पिशवीतून कागद काढला. वरच्यांनी मोठ्या मनानं ठरवलं होतं, की जाहिरात उतरवायची, त्या बाईंना भरपाई द्यायची, दुकानालाही थोडीफार द्यायची. फक्त सगळ्यांनी सही करायची, की झाल्या प्रकाराबद्दल कोणी कुठे बोलणार नाही. आरसा मात्र करार संपेपर्यंत राहील. काढलात तर नकाशावरून दुकान जाईल.

"म्हणजे अळीमिळी गुपचिळी," कात्रीबाई म्हणाली. "डोकं बाईंचं आहे. त्यांना विचारून सांगते. बघा, विचारायचं असं असतं."

कात्रीबाईनं गणिताच्या बाईंच्या घराची बेल वाजवली. बहिणीनं दार उघडलं, ओळखलं, आणि बाजूला व्हायला अंमळ वेळ लावला. बाई खिडकीपाशी उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. डोक्याला रुमाल नव्हता.

कात्रीबाईनं काही सारवासारव केली नाही. बटण, सून, मान्य, कागद, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. "मी शब्द दिला होता आणि तो माझ्या दुकानात मोडला. तुम्ही मला काय म्हणाल ते कमीच. पण ह्या कागदाचं काय करायचं ते तुम्ही सांगायचं, मी नाही."

बाईंनी कागद वाचला. खाली ठेवला. "काल मी वर्गात रुमाल काढला," त्या म्हणाल्या. "किती दिवस वाक्य जुळवत होते, मुलांना कसं सांगायचं. काढला, तर सगळी गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बाई, आम्हाला माहीत आहे, आम्ही व्हिडिओ पाहिला. तिला वाटलं, ती मला मदत करते आहे." त्यांनी लाल पेनाचं टोपण बंद केलं. "टकलाची मला लाज नाही, ताई. पण ते सांगणं माझं होतं. तेवढं एक माझ्या हातात होतं. ते त्यांनी टोप विकायला वापरलं. ह्याची भरपाई कोणत्या दरानं करणार ते?"

"म्हणजे सही नाही."

"नाही."

"मग मी बोलायला मोकळी?"

बाई पहिल्यांदा किंचित हसल्या. "तुम्ही कधी बांधलेल्या होतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं पेचकस काढला. मधल्या खुर्चीसमोरचा आरसा भिंतीवरून सुटा केला, चादरीसकट दोरीनं आवळला आणि भाजीवाल्याच्या टेम्पोत चढवला. टेम्पोत मागे सून आरसा धरून बसली. पुढे चालकाशेजारी कात्रीबाई, कामाचा झगा न काढताच, आणि खिडकीला चिकटून नवरा. चपलावाल्यानं विचारलं, "निघाली कुठे वरात?" ती म्हणाली, "माहेरी सोडायला. नांदत नाही नीट."

कंपनीचं ऑफिस काचेच्या उंच इमारतीत. दारातल्या रखवालदार बाईनं आरशावरची कंपनीची खूण पाहिली. माल परत आलाय म्हटल्यावर तिनं आत घेऊ दिलं. मग फोन मागितले आणि तिघांच्याही फोनच्या कॅमेऱ्यावर एकेक लाल चिकटपट्टी लावली.

"हे काय?" कात्रीबाईनं विचारलं.

"आत फोटो काढायला सक्त मनाई आहे. इथे काम करणाऱ्यांना आवडत नाही. खासगी गोष्ट असते ना प्रत्येकाची."

"असते ना?" कात्रीबाई म्हणाली. "मलाही तसंच वाटत होतं."

स्वागतकक्ष एखाद्या सभागृहाएवढा. चकचकीत फरशी, कुंड्यांत उंच झाडं, येणारे-जाणारे गळ्यात ओळखपत्र घालून लगबगीत. टेबलामागच्या मुलीनं सांगितलं, साहेब कामात आहेत, बसा. तिघं बसली. बराच वेळ कोणी फिरकलं नाही. कात्रीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं पुरायचं. तो उठला, फरशी पुसायच्या यंत्राचा प्लग होता त्याच्या शेजारी आरशाचा प्लग खोचला, चादर काढली आणि आरसा दाराकडे तोंड करून उभा केला.

आरसा उजळला. त्यात त्याचं स्वतःचं सिमकार्ड होतं, कोणाकडे काही मागायची गरज नव्हती. "नमस्कार!" तो म्हणाला आणि कामाला लागला. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर रेषा ओढू लागला. एका तरुणाला त्यानं डोळ्यांखालची वर्तुळं दाखवली. एका बाईंना गालांसाठी मलम सुचवलं. लोक थबकले, हसले, मग तोंड लपवून बाजूनं जाऊ लागले. तेवढ्यात लिफ्टमधून मोठे साहेब उतरले, पूर्ण टक्कल, मागे मधाचं बोट. आरशानं साहेबांच्या डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल उगवलं आणि टोपाची किंमत सांगितली. टेबलामागची मुलगी खाली वाकून हसू लागली.

"हे काय चाललंय?" साहेब गरजले. "बंद करा! इथे पाहुणे येतात. कोणाची परवानगी घेतलीत?"

"परवानगी आहे," कात्रीबाई म्हणाली. आवाज असा लावला, की वरच्या मजल्यावरही जावा. "इथल्या सगळ्यांची आहे. तुमच्या वतीनं मीच मान्य दाबलंय."

"आमच्या वतीनं तुम्ही कोण?"

त्यांचंच वाक्य त्यांना ऐकू जावं म्हणून कात्रीबाई थांबली.

साहेबांनी खूण केली. मधाच्या बोटानं धावत जाऊन बटण दाबलं. काच काळी झाली. सगळ्यांनी श्वास सोडला. पण साहेबांनी अंगातला कोट काढला आणि झटकन आरशाच्या वरच्या कडेवर टाकला, बरोबर त्या मसुराएवढ्या ठिपक्यावर.

"कशाला साहेब?" कात्रीबाई म्हणाली. "बटण बंद केलं म्हणजे बंद झालं, असंच मी समजत होते. तुम्हाला बरं माहीत, की नाही झालं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तिथे उभ्या असलेल्या त्यांच्याच माणसांनी ते पाहिलं. कोणाच्याही फोनवर ते टिपलं गेलं नाही, सगळ्यांच्याच कॅमेऱ्यांना लाल चिकटपट्ट्या होत्या. पण तोंडाला चिकटपट्टी लावायची सोय अजून निघालेली नाही. दोन दिवसांत सगळ्या शहरात गोष्ट झाली.

जाहिरात त्याच संध्याकाळी उतरली. नाक दाबलं की तोंड उघडतं. पण कंपनीनंही आपलं नाक सोडवून घेतलं. आठवडाभरात दुकान नकाशावरून पुसलं गेलं. ॲपवरून येणारी गिऱ्हाइकं थांबली. काही तरुण मुली सरळ समोरच्या रस्त्यावरच्या पार्लरात गेल्या. तिथेही तसाच आरसा होता, आणि एक तर म्हणाली, "आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" ते कात्रीबाईच्या कानावर आलं तेव्हा ती उसळली. "लपवायला काही नाही म्हणणारीनं न्हाणीघराचं दार उघडं टाकून दाखवावं!" तरी गल्ला रोडावला तो रोडावलाच. एक खुर्ची विकावी लागली.

सुनेनं तेव्हा सासूला न सांगता एक काम केलं. माहितीच्या गैरवापराच्या तक्रारी जिथे ऐकतात त्या सरकारी कार्यालयात तिनं अर्ज दिला. मग आरसे घेतलेली इतर पार्लरं पायी हिंडून काढली. बहुतेकींनी कानावर हात ठेवले. काहीजणी मात्र आल्या. त्यांनीही एकदाच मान्य दाबलेलं होतं आणि त्यांनाही ती सोय कोणा गोड बोलणाऱ्यानंच दाखवली होती.

घोंगडं भिजत पडलं ते बरंच. सुनावणी झाली तेव्हा कात्रीबाई तयारीत होती, पण अधिकाऱ्यानं आधी सुनेला उभं केलं. कंपनीचा वकील म्हणाला, "ह्याच बाईंनी संमती दिली. आता ह्याच तक्रार करतात."

"हो, मीच दिली," सून म्हणाली. "जी माझी नव्हती ती दिली. आणि तुम्ही घेतलीत. शेजाऱ्याच्या घराची किल्ली मी तुमच्या हातात ठेवली, तर घर तुमचं होतं का? चूक माझी आहे, ती मी सगळ्यांसमोर सांगते. तुमची तुम्ही सांगा."

मागच्या बाकावर गणिताच्या बाई बसल्या होत्या. डोक्यावर नुकती लव उगवली होती. त्यांनी टाळी वाजवली नाही, पण पूर्ण बरोबर गणित सोडवणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. कात्रीबाईला स्वतःचं भाषण करायची गरजच उरली नाही आणि त्याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

निकाल लागला. कंपनीनं दर वेळी ज्या बाईचा चेहरा आहे तिलाच विचारायचं. गणिताच्या बाईंचं जे जे साठवलं असेल ते मिटवायचं. दंडही झाला, हत्तीला मुंगी चावावी एवढा. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. बाजारानं चहा पाजला. समोरच्या पार्लरवालीनं आरसा काढला नाही, पण त्यावर एक रुमाल लटकवला आणि गिऱ्हाइकानं मागितला तरच बाजूला करायला लागली.

मग कंपनीचं पत्र आलं. मिटवलं आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. कात्रीबाईनं ते दोनदा वाचलं आणि उठून सरकारी कार्यालयात गेली.

"मिटवलं म्हणतात," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "कोणी बघितलं?"

"त्यांनी लिहून दिलंय, बाई."

"आरशाच्या बटणावर 'बंद' असंही त्यांनीच लिहिलं होतं."

अधिकारी चांगला माणूस होता. त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले. "ते तपासायची सोय आमच्याकडे नाही. प्रकरण बंद झालंय."

"तुमचं झालं असेल," कात्रीबाई म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "माझं नाही झालं. सोय नसेल तर ती करा. कोरा कागद द्या, मी लिहून देते, काय काय तपासायचं ते. चुकलं तर गणिताच्या बाई सुधारतील, त्या बाहेर थांबल्यात."